मदत हवी आहे : दम्यात श्वासनलिकेची भिंत जाड होते, त्यात प्रतिकारपेशींचा वाटा नेमका किती?

नमस्कार. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते आणि दम्यात श्वासनलिकेच्या भिंतीत होणाऱ्या कायमस्वरूपी बदलांवर मला सेमिनार द्यायचा आहे. पाठ्यपुस्तकातील साखळी मला ठाऊक आहे, अडचण तिच्या शेवटच्या कडीपाशी आहे. जाणकारांना ती नेमकी कळावी म्हणून मला जे समजले आहे ते आधी मांडते.

घरातल्या धुळीतील माइट किंवा परागकण श्वासनलिकेच्या अस्तराला लागले की अस्तरातील पेशी टीएसएलपी, इंटरल्यूकिन-२५ आणि इंटरल्यूकिन-३३ ही इशारा देणारी प्रथिने सोडतात. त्यांच्या प्रभावाने टी-हेल्पर-२ पेशी आणि २०१० च्या सुमारास ओळख पटलेल्या आयएलसी-२ पेशी या प्रतिकारपेशी कामाला लागतात. पुढे इंटरल्यूकिन-४ मुळे आयजीई ही ॲलर्जीची प्रतिपिंडे तयार होतात, इंटरल्यूकिन-५ मुळे अस्थिमज्जेतून इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी बाहेर पडतात आणि टिकून राहतात, तर इंटरल्यूकिन-१३ मुळे अस्तरात श्लेष्मा स्रवणाऱ्या गॉब्लेट पेशी वाढतात. इथवर काही शंका नाही.

शंका सुरू होते ती बायोप्सीची स्लाइड पाहताना. नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगात अस्तराच्या लगेच खाली एकसंध, फिकट गुलाबी असा कोलॅजेनचा पट्टा दिसतो आणि दम्यात तो निरोगी माणसाच्या तुलनेत स्पष्टपणे रुंद असतो. त्याखाली लालसर-नारिंगी कणांनी भरलेले, दोन पाळ्यांच्या केंद्रकाचे इओसिनोफिल विखुरलेले असतात आणि आणखी खोलवर अनैच्छिक स्नायूंचे फुगलेले गठ्ठे असतात. पुस्तक सांगते की इओसिनोफिल टीजीएफ-बीटा हे संदेशवाहक प्रथिन सोडतात, त्यामुळे फायब्रोब्लास्ट या संयोजी ऊतीतील पेशी कोलॅजेन तयार करतात आणि भिंत जाड होते. हे वाचायला सोपे आहे, पण पुढील तीन निष्कर्ष मला त्यात बसवता येत नाहीत.

२००२ साली इंग्लंडमधील लेस्टरच्या संशोधक गटाने दम्याच्या रुग्णांची तुलना इओसिनोफिलिक ब्राँकायटिसच्या रुग्णांशी केली. या दुसऱ्या आजारात खोकला असतो, थुंकीत इओसिनोफिल असतात, कोलॅजेनचा पट्टाही रुंद झालेला असतो, परंतु श्वासनलिका दम्यासारखी चटकन आकसत नाही. मोठा फरक आढळला तो स्नायूंच्या गठ्ठ्यांत शिरलेल्या मास्ट पेशींचा (ॲलर्जीत हिस्टामिन सोडणाऱ्या प्रतिकारपेशींचा), ज्या दम्यातच ठळकपणे दिसल्या. दुसरा निष्कर्ष असा की २००० साली इंटरल्यूकिन-५ विरोधी प्रतिपिंड देऊन पाहिले, तेव्हा इओसिनोफिल घटले, पण आकसण्याची प्रवृत्ती बदलली नाही. तिसरा निष्कर्ष सर्वांत गोंधळात टाकणारा आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दम्याच्या सौम्य रुग्णांना मेथाकोलिन हे श्वासनलिका आकसवणारे औषध श्वासावाटे देऊन ती वारंवार आकसवली. तेव्हा इओसिनोफिल वाढले नाहीत, तरीही कोलॅजेनचा पट्टा रुंदावला.

मग सेमिनारमध्ये प्रतिकारपेशींना या बदलांचे कारण म्हणावे की केवळ सोबती? की हा प्रश्नच मी चुकीच्या पद्धतीने विचारते आहे?

प्रतिसाद १

प्रश्न चांगला आहे आणि त्याची गाठ 'भिंतीची जाडी' या एका शब्दप्रयोगात बसलेली आहे. मी विकृतिशास्त्राचे काम करतो, त्यामुळे मला ती जाडी एक दिसत नाही. कोलॅजेनचा पट्टा, स्नायूंची वाढ आणि श्लेष्मा हे तीन वेगळे बदल आहेत आणि त्यांमागच्या पेशीही सारख्या नाहीत. तुमचा पहिला निष्कर्ष नेमके हेच सांगतो: रुंद पट्टा आणि इओसिनोफिल एकत्र आढळतात, पण नलिकेचे आकसणे मास्ट पेशी स्नायूत असण्याशी जोडलेले आहे. तिथे त्या हिस्टामिन, ल्यूकोट्राइन आणि प्रोस्टाग्लँडिन डी-२ थेट स्नायूपेशींच्या अंगावर सोडतात. स्नायूपेशी स्वतःही सीएक्ससीएल१० हा रासायनिक संदेश पाठवून त्यांना ओढून घेतात, म्हणजे आमंत्रण देणारा आणि त्रास सोसणारा एकच.

इंटरल्यूकिन-५ बाबत एक बारीक गोष्ट लक्षात घ्यावी. मेपोलिझुमॅब या इंटरल्यूकिन-५ विरोधी प्रतिपिंडाच्या २००३ मधील अभ्यासात रक्तातील इओसिनोफिल जवळजवळ नाहीसे झाले, पण श्वासनलिकेच्या ऊतीतील घट सुमारे ५५ टक्केच होती. एवढ्या अर्धवट घटीनेही कोलॅजेनच्या पट्ट्यातील टेनॅसिन, ल्युमिकन यांसारखी प्रथिने कमी झाली. म्हणून पट्ट्याच्या बाबतीत इओसिनोफिलचा वाटा खरा आहे, असे माझे मत आहे. पुढे २००९ साली थुंकीत इओसिनोफिल असलेले रुग्ण निवडून औषध दिले तेव्हा दम्याचे तीव्र झटके कमी झाले. आधीच्या चाचण्यांत अशी निवड नव्हती.

मेथाकोलिनच्या प्रयोगाचा अर्थ लावताना घाई करू नये. त्यातले सर्वजण आधीपासून दम्याचे रुग्ण होते. नलिका आकसते तेव्हा अस्तराला घड्या पडतात, तेथील पेशी दबतात आणि त्या दाबामुळे अस्तरातच टीजीएफ-बीटा वाढतो. आधी सालब्युटामॉल हे श्वासनलिका सैल करणारे औषध देऊन आकसणे रोखले, तेव्हा हे बदल झाले नाहीत. यावरून एवढेच ठरते की पट्टा रुंदावण्याच्या प्रत्येक वेळी तिथे इओसिनोफिलची गर्दी झालीच पाहिजे असे नाही. प्रयोगशाळेबाहेर मात्र रुग्णाच्या नलिका मेथाकोलिनने आकसत नसतात. ॲलर्जीच्या दम्यात ते काम बहुधा आयजीईने सज्ज झालेल्या मास्ट पेशी करतात. सेमिनारमध्ये मी दोन बाण दाखवीन: एक प्रतिकारपेशींकडून थेट भिंतीकडे आणि दुसरा पेशींकडून स्नायूच्या आकुंचनातून भिंतीकडे.

श्लेष्म्याकडे दुर्लक्ष करू नका. दम्याने मृत्यू झालेल्यांच्या शवविच्छेदनात नलिका चिकट बुचांनी बंद झालेल्या आढळतात. कफात दिसणारे टोकदार शार्को-लायडेन स्फटिक इओसिनोफिलमधील गॅलेक्टिन-१० या प्रथिनाचे असतात आणि ते स्वतःही दाह वाढवतात, असे २०१९ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवण्यात आले.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त बालरोगाच्या बाजूने एक भर घालते. सुमारे वर्षाच्या घरघर असलेल्या बाळांच्या बायोप्सीत रुंद पट्टा आणि इओसिनोफिल आढळले नव्हते, पण एक ते तीन वर्षांच्या, वारंवार घरघर होणाऱ्या मुलांत दोन्ही आढळले. रुंद पट्ट्याचे 'वर्षानुवर्षांच्या दाहाची खूण' असे जे वर्णन केले जाते, ते त्यामुळे मला पटत नाही. दोन्ही गोष्टी लहान वयातच आणि साधारण एकाच सुमारास दिसू लागतात.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. दोन बाणांची आकृती मी करते आहे. पहिल्या बाणावर इओसिनोफिल आणि इंटरल्यूकिन-१३ राहतील, दुसऱ्यावर मास्ट पेशी. एक विनंती उरते: स्नायूच्या गठ्ठ्यातील मास्ट पेशी नेहमीच्या रंगात ओळखू येत नाहीत, म्हणून त्यांच्यातील ट्रिप्टेज या विकराचे (एन्झाइमचे) प्रतिपिंड-रंजन केलेली आणि वर्गात दाखवण्यास परवानगी असलेली स्लाइड किंवा छायाचित्र कोणाकडे असल्यास कृपया इथेच कळवावे.