निळ्या झग्यासारखं स्मृतिशिल्प निपाणीत करतोय, शिवण टिकत नाही

निपाणीकर:
दक्षिण आफ्रिकेच्या चित्रकार ज्युडिथ मेसन यांनी 1998 मध्ये टाकून दिलेल्या निळ्या प्लॅस्टिक पिशव्या शिवून फिला न्द्वान्द्वेच्या स्मरणार्थ झगा केला. त्याच धर्तीवर इथल्या 1981 च्या तंबाखू आंदोलनात गोळीबारात गेलेल्या शेतकऱ्यांसाठी जुन्या कॅरीबॅगचे सदरे शिवायला घेतलेत. टाके घातले की त्याच रेषेवर फाटतंय. ॲक्रिलिकनं लिहिलेली नावंही पापुद्रे धरून निघतात. काय चुकतंय?

टाका_दोरा:
टाके दाट पडताहेत. पॉलिथिनला पडलेलं भोक कापडासारखं मिटत नाही, त्यामुळं शिवण पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी सुटते. टाका 4 मिमी, सुई 11 नंबर, दोरा पॉलिएस्टर, ताण ढिला. शिवणीखाली इंचभर मांजरपाटाची पट्टी लावा, म्हणजे भार पट्टी घेते. टाचण्या अजिबात नकोत, कपड्यांचे चिमटे लावा. ‘कंपोस्टेबल’ छापलेली पिशवी आली असेल तर बाजूला काढा, तिचा भुगा होतो. आणि पॉलिथिनवर ॲक्रिलिक धरतच नाही. नावं कापडावर लिहून ते कापड शिवा.

शहापूर_पेठ:
शिवणीच्या आधी एक बघा. मेसननी पिशवीच का घेतली? फिला ही उम्खोंतो वी सिझ्वेची, म्हणजे वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेची कार्यकर्ती. 1988 मध्ये सुरक्षा पोलिसांनी तिला पळवून नेऊन मारलं. कोठडीत विवस्त्र ठेवलं होतं, तेव्हा तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीनंच लाज झाकली. वर्णभेदाच्या काळातले अत्याचार तपासणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगापुढं हे आलं, मेसननी रेडिओवर ऐकलं, आणि तिला झगा शिवून दिला. घेरावर तिला उद्देशून पत्रही रंगवलं. आज तो जोहान्सबर्गच्या संविधान न्यायालयात आहे. तिथं पिशवी फिलाच्या हातची होती. निपाणीच्या शेतकऱ्याच्या हातात कॅरीबॅग नव्हती की हो, तंबाखूचं बारदान होतं. सदरा त्याचाच शिवा.

निपाणीकर:
पटलं. वखारीतलं जुनं बारदान मिळेल. पण कापलं की धागे सुटतात, आणि त्यात तंबाखूचे किडे असतात.

टाका_दोरा:
कापायच्या रेषेवर आधी फेविकॉल आणि पाणी सम प्रमाणात मिसळून दोन बोटं रुंद पट्टा मारा, पूर्ण वाळू द्या, मगच कात्री लावा. सुई 18 नंबर. धुऊ नका, ताग आटतो आणि सदरा वाकडा होतो. ब्रशनं झटका, तोंडाला मास्क बांधून, कारण तंबाखूची धूळ छातीत जाते. नावांच्या जागी तेच फेविकॉल-पाणी आधी द्या, नाहीतर ताग रंग पिऊन अक्षर पसरतं. हँगरला टांगू नका. ताग स्वतःच्या वजनानं खांद्यात ओघळतो, म्हणून दोन्ही बाह्यांतून आडवी बांबूची काठी घाला.

किड्यांसाठी कोरडं बारदान प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करून उणे 18 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये 14 दिवस ठेवा. धूप, डांबराच्या गोळ्या, फवारा यानं आतली अळी खात्रीनं मरत नाही. बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडू नका, नाहीतर दव धरून बुरशी येते.