लोणच्याची निर्यात आणि माझी एकसष्ट पत्रं

मुक्काम_एडिसन (धागाकर्ता)

परवा 'कोपऱ्यातला' यांनी लिहिलं : "परदेशात बसून इंग्रजी कादंबऱ्या पाडणारे भारतीय म्हणजे लोणच्याचे निर्यातदार. कैरी आपली, मीठ आपलं, बरणीवरचं लेबल तिकडचं. एजंट यांना, ॲडव्हान्स यांना, बक्षिसं यांना. इथे मराठीत लिहिणाऱ्याचं पुस्तक मात्र रद्दीत." खाली शेपन्नास जणांनी वा वा केलं. मी दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, एकदाचं लिहून टाक, भांडी आपटू नकोस.

तर ऐका, न्यू जर्सीतल्या एडिसनला बसलेल्या या निर्यातदाराची कहाणी. वडील परळच्या एका गिरणीत होते. 1982 च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा मी सहावीत. त्या दीड-दोन वर्षांत आमच्या चाळीत काय काय विकलं गेलं, त्यावर कादंबरी लिहिली. इंग्रजीत. नोकरी सांभाळून नऊ वर्षं लागली. अमेरिकेतले मोठे प्रकाशक एजंटाशिवाय पाकीट उघडत नाहीत, म्हणून आधी एजंट शोधायचा. त्याला कादंबरी पाठवायची नसते. पानभर पत्र आणि पहिली दहा पानं, बस. पुस्तक विकलं गेलं तर तो पंधरा टक्के घेणार. मी एकसष्ट पत्रं पाठवली. अडतीस जणांचं उत्तरच नाही. एकवीस जणांचं तेच ते साच्यातलं 'आमच्या यादीत बसत नाही'. दोघांनी पूर्ण हस्तलिखित मागितलं. त्यातल्या एकाने चार महिन्यांनी कळवलं, "आवाज आवडला, पण ही माणसं अमेरिकेत कधी येतात?"

अहो, येतच नाहीत! करी रोडला राहतात ती!

दुसरीने समासात नोंदी केल्या होत्या. सातव्या पानावर आई थालीपीठ थापते. बाईंनी सुचवलं, थालीपीठ काढून 'मल्टिग्रेन पॅनकेक' करा, वाचक अडखळतो. मी नाही म्हटलं. नंतर पत्र नाही.

आणि इथे बसणाऱ्यांना तिकडे कोणी छापत नाही म्हणता? आर. के. नारायण म्हैसुरात बसून होते. ऑक्सफर्डातल्या मित्राने हस्तलिखित ग्रॅहम ग्रीनकडे पोचवलं आणि 1935 मध्ये 'स्वामी अँड फ्रेंड्स' लंडनहून निघालं. 2022 चं आंतरराष्ट्रीय बुकर गीतांजली श्रींना हिंदी कादंबरीसाठी, 2025 चं बानू मुश्ताकना कन्नड कथांसाठी. एक दिल्लीत, एक हासनमध्ये. यातलं लोणचं कोणतं?

कोपऱ्यातला

माझ्या नावाने धागा! कृतकृत्य झालो.

साहेब, एकसष्ट नकार मिळाले म्हणून तुम्ही हुतात्मा होत नाही. त्या बाजारात जागा मिळाली नाही एवढंच त्यातून कळतं. बाजार वाईट आहे हेच तर मी म्हणत होतो, तुम्ही पुरावा आणून दिलात. आभार.

आता माझं ऐका. 2016 मध्ये कथासंग्रह काढला. प्रकाशकाने (नाव सांगत नाही, कारण यात एकटा तोच नाही) चाळीस हजार घेतले आणि पाचशे प्रती छापल्या. करारात मानधन दहा टक्के. हिशोब आजतागायत आलेला नाही. चारशे दहा प्रती पलंगाखाली. पहिल्या पावसाळ्यात खालच्या थराला वाळवी लागली. तुम्हाला निदान अडतीस जणांनी उत्तर दिलं नाही. मला उत्तर द्यायला इथे अडतीस जण आहेत कुठे? मराठीत एजंट हा प्राणीच नाही.

तळटीप

दोघांचंही चुकतंय आणि दोघांनीही अनुवादकाला विसरून दाखवलंय. मुक्काम_एडिसन, तुम्ही गीतांजली श्री आणि बानू मुश्ताक म्हणालात. डेझी रॉकवेल कोण? दीपा भास्ती कोण? त्या बक्षिसाचे पन्नास हजार पौंड लेखक आणि अनुवादकात निम्मे-निम्मे वाटतात, आणि पुस्तक इंग्रजीत येऊन ब्रिटन-आयर्लंडमध्ये निघालेलं असावं लागतं. म्हणजे हासनमधून लंडनला जाणारी वाट कोणाच्या तरी लिहिण्याच्या टेबलावरून जाते.

जेसीबी पुरस्कार बघा, इंग्रजीत लिहिलेल्या किंवा इंग्रजीत अनुवादित भारतीय कादंबरीला मिळायचा तो. 2018 ते 2024, सात विजेते. त्यातले पाच अनुवाद : तीन मल्याळम, एक उर्दू, एक तमिळ. मराठी शून्य. मल्याळमवाले काही न्यूयॉर्कात राहत नाहीत. त्यांच्याकडे सातत्याने इंग्रजीत आणणारे लोक आहेत. आपल्याकडे शांता गोखले, जेरी पिंटो अशी दोन-चार नावं घेतली की मी छताकडे बघायला लागते. सचिन कुंडलकरांचं 'कोबाल्ट ब्लू' मराठीत 2006 चं. पिंटोंनी 2013 मध्ये इंग्रजीत आणलं तेव्हा मराठी पोरांनी ते इंग्रजीतून वाचलं.

मी स्वतः एक मराठी कादंबरी दोन वर्षं खपून केली. प्रकाशकाने मुखपृष्ठावर माझं नाव घातलं नाही. आतल्या पानावर, मुद्रकाच्या खाली.

भाजणीवाली

बाकी चालू द्या. पण थालीपिठाला पॅनकेक?! पॅनकेकचं पीठ ओतायचं असतं हो. थालीपीठ थापायचं असतं. भाजणीतली धान्यं वेगवेगळी भाजावी लागतात. बाजरी, ज्वारी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, शेवटी धणे-जिरे. एकत्र भाजली की डाळ कच्ची आणि तांदूळ करपलेला. त्या एजंटबाईंनी एकदा हात भाजून घ्यावा, मग बोलावं.

मुक्काम_एडिसन

@भाजणीवाली ताई, ओल्या फडक्यावर थापते असंच वाक्य होतं. तेही खोडलं होतं, 'वर्णन लांबलं' म्हणून.

रिकामटेकडा_पुणे

धागाकर्त्यांचं दुःख पोचलं, पण थोडा व्यवहार बघू. परदेशी वाचकाला शब्द कळला नाही तर तो पुस्तक मिटतो. तळटीप द्या, शब्दसूची द्या, प्रश्न मिटला. आपण नाही का रशियन कादंबऱ्यांत समोवार वाचलं?

वऱ्हाडी_ठेचा

समोवारले कोणी स्टोव्ह केलं काय पण? मंग!

पुण्याच्या भावा, तू शब्दसूचीचं बोलूच नको. आता माह्यं ऐक. पाच वर्षांमागं तुमच्याच शहरातल्या एका दिवाळी अंकाले कथा पाठवली. अकोट तालुक्यातली बाई, कपाशीच्या वावरात डवरणीले जाते, सांजी कुटार आणते. छापून आली तं डवरणीची 'कोळपणी' झालती. कुटाराचा 'भुसा'. बाई म्हणे 'मला'. अरे ते बाई जन्मात 'मला' म्हनली नसंन! मायले कथा वाचून दाखवली तं माय म्हणे, हे कोन्या गावची व्हय बाप्पा?

संपादकाले फोन केला. म्हणे सर्वसामान्य वाचक अडखळतो. शब्द सारखाच पाहा : अडखळतो. एडिसनच्या साहेबाले न्यूयॉर्कनं जे केलं, तेच मले सदाशिव पेठेनं केलं. त्याले निदान विचारलं तरी. मले विचारलं बी नाही. मानधन आलं पाचशे रुपये, त्यात फोनचे पैसे कापून घ्या.

रिकामटेकडा_पुणे

सदाशिव पेठ मध्ये आणल्याशिवाय चर्चा पूर्ण होत नाही ना? प्रमाणभाषा कुठेतरी लागतेच. उद्या प्रत्येकाने आपापल्या गावच्या बोलीत लिहिलं तर कोल्हापूरचा वाचक काय करणार?

वऱ्हाडी_ठेचा

वाचन, आणखी काय करन? उद्धव शेळक्यांची कादंबरी 'धग' 1960 ले निघाली. वऱ्हाडी हाय. अजून वाचतेत लोकं. त्यातल्या कौतिकले कोनी 'मला' म्हनाले नाही लावलं.

तळटीप

आणि नामदेव ढसाळांचा कवितासंग्रह 'गोलपिठा'! 1972. ढसाळांच्या शब्दांशी प्रस्तावना लिहिणारे तेंडुलकरसुद्धा अडखळले. त्यांनी तसं कबूल केलं, अर्थ विचारून घेतले. कविता मात्र तशीच राहिली. अडखळलेल्याने पाय उचलायचा, वाट सपाट करायला सांगायचं नाही.

रिकामटेकडा_पुणे

तेंडुलकर प्रस्तावना लिहितात. दिवाळी अंकाच्या संपादकाकडे ऑक्टोबरमध्ये तीनशे कथा येतात आणि मुद्रितशोधक एकच असतो. मी हे काम सहा वर्षं केलंय म्हणून सांगतो. होय, मीही शब्द बदलले असतील. रात्री दोन वाजता डवरणी हा मुद्रणदोष वाटू शकतो.

वऱ्हाडी_ठेचा

तुनंच तं नाही बदलला ना बे माहा शब्द??

रिकामटेकडा_पुणे

कोणता अंक ते सांगू नका. सांगू नकाच.

कोपऱ्यातला

मूळ मुद्द्याचं काय? बोलींचा कळवळा छान आहे, पण एडिसनकरांनी अजून सांगितलेलं नाही की परळच्या चाळीबद्दल इंग्रजीत का लिहिलं. चाळीतली कोणती बाई इंग्रजीत भांडत होती? वऱ्हाडी बाईने 'मला' म्हणणं खोटं, मग तुमच्या आईने 'प्लीज' म्हणणं खरं कसं? नेमाड्यांचं ज्ञानपीठ 2015 मध्ये जाहीर झालं तेव्हा त्यांनी रश्दी-नायपॉलना सुनावलं, रश्दींनी ट्विटरवरून शिवी हासडली. मी नेमाड्यांच्या बाजूला होतो, आजही आहे.

तळटीप

नेमाडे वर्षानुवर्षं पगार इंग्रजी शिकवण्याचा घेत होते, तेवढं जोडा.

कोपऱ्यातला

शिकवत होते. कादंबरी मराठीत लिहीत होते. फरक कळत नसेल तर अनुवाद कसे करता कोण जाणे.

तळटीप

वैयक्तिक व्हायची गरज नव्हती. पलंगाखालच्या चारशे दहा प्रतींचा राग माझ्यावर काढू नका.

मुक्काम_एडिसन

भांडू नका, उत्तर देतो. टाळत होतो हे खरं.

सुरुवात मराठीतच केली होती. चाळीस पानं झाली. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची, मराठी बोलते पण वाचता येत नाही. रविवारच्या मराठी शाळेत दोन वर्षं गेली, 'कमळ, बदक' वाचते, जोडाक्षर आलं की थांबते. वडील गेले त्या वर्षी तिने विचारलं, आजोबा काम का करत नव्हते? मी ती चाळीस पानं बाजूला ठेवली आणि पहिल्यापासून तिला वाचता येईल अशा भाषेत लिहायला घेतलं. एजंट, बक्षीस हे सगळं नंतर सुचलं. आई 'प्लीज' म्हणत नाही. एकदाही नाही. तपासून पाहा.

आणि इंग्रजीकडे गेलेला मी पहिला नाही. किरण नगरकरांची पहिली कादंबरी मराठी, 'सात सक्कं त्रेचाळीस', 1974. पुढे इंग्रजीत लिहिलं तर आपल्या लोकांनी फितुरासारखं वागवलं. 'ककोल्ड'ला 2000 साली साहित्य अकादमी मिळालं तेव्हा हेच लोक 'आपला मराठी माणूस' म्हणाले. शांताबाई गोखल्यांनी तर 'रीटा वेलिणकर' मराठीत लिहून स्वतःच इंग्रजीत नेली, त्यांना निर्यातदार म्हणाल का?

कोपऱ्यातला

शांताबाईंना नाही म्हणणार. नगरकरांच्या बाबतीत आमच्या पिढीने कोतेपणा केला, हे मला दहा माणसांसमोर कबूल करायला लावलंत, बरं झालं? समाधान?

मुलीचं आधी सांगितलं असतं तर मी लोणचं म्हणालो नसतो. मुरांबा म्हणालो असतो.

ग्रंथपाल_ड_वर्ग

दादा लोक, मी लातूर जिल्ह्यातल्या एका गावात वाचनालय चालवतो. वर्ग ड, म्हणजे सरकारी अनुदानातला सगळ्यात खालचा वर्ग. इथून काय दिसतं ते सांगतो. पुस्तक खरेदीला जे हातात येतं त्यात जो वितरक जास्त सूट देईल त्याचा गठ्ठा घ्यावा लागतो. गठ्ठ्यात यशस्वी कसे व्हावे, वजन कसे घटवावे, शेअर बाजार. कथा-कादंबरी मागून घ्यावी लागते. मागणारे चार-पाच. त्यातल्या एक अंगणवाडीताई आहेत, महिन्याला सहा कादंबऱ्या वाचतात आणि आता कपाट संपलं म्हणतात. त्यांना लेखक परदेशात राहतो का पलंगावर झोपतो काही फरक पडत नाही.

कोपऱ्यातला दादा, वाळवी न लागलेल्या प्रती किती?

कोपऱ्यातला

तीनशेच्या आसपास. टपालखर्च माझा. पत्ता व्यक्तिगत निरोपात द्या. अंगणवाडीताईंना एक वेगळी पाठवतो, सहीची. फक्त आवडली नाही तर कळवू नका म्हणावं.

ग्रंथपाल_ड_वर्ग

त्या कळवतातच. मागच्या लेखकाला चार पानी पत्र लिहिलं होतं.

वऱ्हाडी_ठेचा

ताईले माही कथा बी पाठवतो. मूळची. डवरणीवाली.

रिकामटेकडा_पुणे

मलाही पाठवा. मूळचीच. (आता तरी शिव्या थांबवा.)

कोपऱ्यातला

@मुक्काम_एडिसन, ती मराठीतली चाळीस पानं अजून आहेत का? इंग्रजीचं तुमचं तुम्ही बघा, ती मला पाठवा. शुद्धलेखनाच्या चुका असतील तर असू द्यात.

मुक्काम_एडिसन

आहेत. वहीत आहेत, पेन्सिलने. स्कॅन करून बघतो, काही पानं पुसट झालीत.

भाजणीवाली

सातव्या पानावरचं थालीपीठ मराठी वहीत कितव्या पानावर आहे ते सांगा. आणि आई मधोमध भोक पाडते का नाही? त्यातून तेल सोडतात हो, नाहीतर मध्ये कच्चं राहतं. तेवढं नसेल तर पहिल्यांदा ते घाला.