एआर चष्म्याचा आराखडा: आधी पुठ्ठा की थेट कोड?

पुठ्ठाप्रेमी: एआरचं, म्हणजे समोरच्या खऱ्या दृश्यावर संगणकाची चित्रं दाखवण्याचं, काम आलं रे आलं की लोक युनिटी हे थ्रीडी सॉफ्टवेअर उघडून बसतात. समजा, पंप उघडणाऱ्या मेकॅनिकला चष्म्यातून सूचना दाखवायच्या आहेत. सुरुवातीचे काही दिवस पुठ्ठा, पारदर्शक ओएचपी शीट आणि चिकटचिठ्ठ्या पुरेत. गूगलमधल्या टॉम ची यांनी गूगल ग्लास या चष्म्याचा पहिला नमुना कोट हँगर, प्लेक्सिग्लास आणि छोट्या प्रोजेक्टरवर एका दिवसात उभा केला होता. तुमचं काम त्याहून अवघड आहे का?

शेडरकिडा: असहमत. शीटवर सगळ्यात ठळक उठतो काळा मार्कर. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्ससारख्या एआर चष्म्यात काळा दिसतच नाही, कारण तो समोरच्या दृश्यात फक्त प्रकाश मिसळतो. काळं म्हणजे आरपार. शिवाय डोळ्यापुढे चार बोटांवरच्या शीटवर नजर ठरत नाही. होलोलेन्सचं चित्र साधारण २ मीटरवर असल्यासारखं दिसतं. म्हणजे तुमची चाचणी भलत्याच गोष्टीची झाली.

पुठ्ठाप्रेमी: रंग तपासायला शीट वापरा असं म्हणालोय कुठे? शीट टोपीच्या पुढच्या झापेला चिकटवली की मान वळेल तशी खूण फिरते. तीच सूचना चिठ्ठीवर लिहून बोल्टशेजारी लावली की जागची हलत नाही. कोणती सूचना नजरेबरोबर फिरवायची आणि कोणती वस्तूपाशी ठेवायची, हे पाच मिनिटांत कळतं. आणि हो, मेकॅनिकचे दोन्ही हात पान्यावर असतात. चष्म्यात दिसणारं बटण हवेत चिमटीने दाबायची हौस तिथेच फिटते.

चौकटराणी: माझं मत पुठ्ठ्याला, पण नियम कडक हवेत. पहिल्या होलोलेन्सचा आडवा दृश्यकोन जेमतेम ३० अंश होता, म्हणजे हात लांब करून आडव्या धरलेल्या ए-फोर कागदाएवढा. पुठ्ठ्यात तेवढीच खिडकी कापा. बाहेरचं काही दाखवायचं नाही. चिठ्ठी लावणाऱ्यानेही मधूनच ती, चष्म्याचा अंदाज चुकल्यासारखी, दोन बोटं सरकवून लावावी. मेकॅनिक चुकीचा बोल्ट सैल करतो का, ते बघा.

शेडरकिडा: खिडकी मान्य. सरकवलेली चिठ्ठी नाही. ती चुकीच्या जागी का होईना, स्थिर असते. चकचकीत स्टीलवर ट्रॅकिंग, म्हणजे चित्र वस्तूपाशी धरून ठेवणं, थरथरतं, मान वळली की मागून येतं. डोकं त्यानेच दुखतं. दुसऱ्या दिवशी गूगलच्या एआरकोअर या एआर साधनावर एक साधा बाण टाकून फोनवर बघा, काय ते कळेल.

पुठ्ठाप्रेमी: बघतो की. दोन्ही हात पान्यावर असताना फोन कोण धरणार, तेवढं सांगा.