मदत हवी आहे: आत्याला नाकातला मेलानोमा (कॅन्सर), ऑपरेशन बडोद्यात की मुंबईत?

नमस्कार मंडळी,
आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. आत्या (वय ६८) आमच्याकडेच असते. इकडच्या उन्हात घोळणा फुटणं कुणाला नवीन नाही, पण तिला रक्त दर वेळी डाव्याच नाकपुडीतून यायचं आणि तीच बाजू कायम चोंदलेली. एका डॉक्टरांनी पॉलिप समजून स्प्रे दिला. दुसऱ्या ईएनटींनी दुर्बीण घातली तर आत काळपट मांस, जरा धक्का लागला की रक्त. बायॉप्सीत मेलानोमा आला, म्हणजे रंग बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर. तो ओळखायच्या एस-१०० आणि एचएमबी-४५ या खुणा दोन्ही पॉझिटिव्ह.

हा सहसा त्वचेवर होतो, म्हणून जो तो विचारतो, अंगावर तीळ होता का? नव्हता. रंग बनवणाऱ्या पेशी नाकाच्या अस्तरातही असतात, ऊन न लागताही तिथे हा होतो. आणि याची स्टेज म्हणे तिसरीपासूनच मोजतात, पहिली-दुसरी नाहीच. हे आधी कुणी सांगितलं असतं तर रिपोर्टमधलं 'टी-३' (गाठीचा टप्पा) वाचून घरात रडारड झाली नसती.

पेट-सीटीत (अंगभर कॅन्सर शोधणाऱ्या स्कॅनमध्ये) बाकी कुठे काही नाही. गाठ एथमॉइड सायनसमध्ये, म्हणजे नाक आणि डोळ्याच्या मधल्या पोकळीत आहे, डोळ्याकडच्या पातळ हाडाला टेकलेली. इथले सर्जन म्हणतात, दुर्बिणीतून पूर्ण काढू, मग रेडिएशन. रेडिएशनने गाठ त्याच जागी परत यायची शक्यता कमी होते, आयुष्य वाढेलच असं नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला ते आवडलं. आत्याचं एकच म्हणणं, "नाक कापलं तरी चालेल, डोळा ठेवा."

बाबांना अहमदाबादचं जीसीआरआय हे कॅन्सर हॉस्पिटल जवळचं वाटतं, मुलुंडचा आतेभाऊ टाटाशिवाय ऐकत नाही. टाटाच्या खारघर केंद्रात प्रोटॉन (एक्स-रेऐवजी प्रोटॉन कणांचं रेडिएशन) आहे. डोळ्याजवळच्या गाठीला त्याचा खरंच फायदा होतो का, की साधं आयएमआरटी (गाठीच्या आकाराप्रमाणे दिलेलं एक्स-रे रेडिएशन) पुरतं? ऑपरेशन इथे आणि रेडिएशन तिथे असं कुणी केलंय का? की एकाच टीमकडे राहणं बरं?

गाठीच्या जनुकांमधल्या बदलांपैकी बीआरएएफ यात क्वचितच सापडतो, केआयटी कधीकधी, आणि केआयटी असला तर इमॅटिनिब या गोळीचा विचार होतो, असं कळलं. ही टेस्ट आत्ताच करून ठेवावी का? पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब ही इम्युनोथेरपीची (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणारी) औषधं लागली तर आयुष्मान कार्डावर काही मिळतं का, की सगळं खिशातून? बायॉप्सीच्या तुकड्याचे ब्लॉक आणि स्लाइड्स लॅबमधून आणून ठेवल्या आहेत.

गोमूत्र, उपास, काढे कृपया सुचवू नका, व्हॉट्सअॅपवर ढीग आलाय. ज्यांच्या घरी हाच आजार झालाय त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तर रिपोर्ट पाठवते.