मदत हवी आहे : प्रदर्शनातनं आणलेल्या जुन्या पुस्तकांना कसर लागलीय

नमस्कार मंडळी, रविवारी पुस्तक प्रदर्शनात नुसतं बघायला म्हणून गेलो आणि चौदा पुस्तकं घेऊन आलो, त्यातली नऊ जुनी, सेकंडहँड. एका स्टॉलवर सोलापूरच्या १९३० च्या मार्शल लॉवरचं (इंग्रजांनी शहरात लावलेल्या लष्करी कायद्यावरचं) जुनं पुस्तक दिसलं आणि मग हात थांबलाच नाही. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा ही त्यातल्या चार हुतात्म्यांची नावं आमचे आजोबा एका दमात घ्यायचे, त्यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली म्हणून सांगायचे, त्यामुळं ते तिथं सोडून येणं जमलंच नसतं.

आता घरी नीट बघितलं तर नेमक्या त्याच पुस्तकाच्या शिवणीत चंदेरी कसर फिरतीय, कडा कुरतडल्यात. सध्या पिशवीत बांधून वेगळं ठेवलंय. उन्हात घाला म्हणतात, पण आपल्या इथलं ऊन, कागदाचे तुकडेच पडतील ना? वाळवलेल्या कडुलिंबाच्या पाल्यानं खरंच फरक पडतो का? घरात लहान मूल आहे म्हणून डांबरगोळ्या नकोत. फ्रीजरमध्ये ठेवतात असंही ऐकलंय, कुणी केलंय का, किती दिवस ठेवायचं? आणि सोलापुरात जुनं पुस्तक जपून बाइंडिंग करून देणारं कोण असेल तर प्लीज सांगा.