‘फ्लक्स’ला मराठीत काय म्हणावं? आणि ‘स्रोत’ नक्की कुठल्या टोकाला?

भातखाचर
भाताच्या खाचरातून निघणारा मिथेन बंद पेटीने कसा मोजायचा, याची छोटी मार्गदर्शिका मराठीत करायची आहे. वापरणार कृषी पदविका झालेले क्षेत्रसहायक. अडलंय ते फ्लक्सपाशी, म्हणजे ठरावीक जागेतून ठरावीक वेळात किती वायू जातो त्या मापापाशी. कच्च्या मसुद्यात एक वाक्य आहे, ‘मिथेनचा स्रोत दर आठवड्याला मोजावा’, आणि लगेच पुढे, ‘मिथेनचा मुख्य स्रोत म्हणजे साचलेल्या पाण्याखालचा चिखल’. पहिला स्रोत म्हणजे फ्लक्स, दुसरा म्हणजे सोर्स. वाचणारा फूटपट्टी घेऊन चिखल मोजायला जायचा! फ्लक्सला ‘उत्सर्जन’ चालेल का?

मोडीवाचक
पहिला स्रोत अस्सल आहे, उपरा आहे तो दुसरा. स्रोतस् हा शब्द ‘स्रु’ म्हणजे वाहणे या धातूवरून आलाय. अर्थ ओघ, प्रवाह. सोर्सला मराठीत ‘उगम’ असताना स्रोताला तिकडे कशाला ओढायचं? स्रोत फ्लक्सला ठेवा, उगम सोर्सला द्या, भांडण मिटलं. आणि कृपा करून ‘स्त्रोत’ लिहू नका, पहिल्या अक्षरात ‘त’ नाही.

वातकुक्कुट
मोडीवाचक, व्युत्पत्ती मान्य. पण ‘उत्पन्नाचा स्रोत’ आणि ‘पाण्याचे स्रोत’ दाखल्यांवर आणि फलकांवर छापून झालेत. गेलेला शब्द परत येत नाही.

‘उत्सर्जन’ला माझा विरोध वेगळ्या कारणाने. फ्लक्सला चिन्ह असतं. जमिनीतून हवेत तो अधिक, हवेतून जमिनीत तो उणे. कोरड्या, हवा खेळती असलेल्या जमिनीत मिथेन खाणारे जिवाणू असतात. तिथे पेटी ठेवली तर आतला मिथेन २ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २ भाग) आसपास सुरू होतो आणि खाली उतरत जातो. त्याला काय ‘उणे उत्सर्जन’ म्हणणार? मनोऱ्यावरच्या एडी कोव्हेरियन्समध्येही तेच. वाऱ्याचा उभा वेग आणि वायूचं प्रमाण सेकंदाला १० ते २० वेळा टिपून अर्ध्या तासाचा सहविचलनाचा आकडा काढतात. कार्बन डायऑक्साइडचा तो आकडा उभ्या पिकावर दिवसा उणे येतो आणि रात्री अधिक. दोन्ही दिशा पोटात घेणारा शब्द हवा. ‘अभिवाह’ तेवढ्यासाठी ठीक आहे.

चिमूटभर
अभिवाह हा हिंदी परिभाषाकोशातला. बांधावर उभा असलेला माणूस तो ‘अभिवादन’ असा वाचेल. एककच अर्थ सांगतंय ना? मिलिग्रॅम दर चौरस मीटर दर तास. मग ‘वहनदर’ म्हणा.

भातखाचर
‘दर’ने नवा घोळ होतो, कारण हिशोबात दर दोनदा येतो. मसुद्यातलंच उदाहरण देतो. पेटी ५० बाय ५० सेंमी, खाचरातल्या पाण्यापासून वर १ मीटर उंच. नमुने ०, १५, ३० मिनिटांना. आकडे २.१, ५.१, ८.१ पीपीएम. म्हणजे तासाला १२ पीपीएमची वाढ, हा पहिला दर. आत ३० अंश सेल्सिअस असेल तर १ पीपीएम मिथेन म्हणजे घनमीटरला सुमारे ०.६४५ मिलिग्रॅम. १२ गुणिले ०.६४५ गुणिले उंची १ मीटर, उत्तर ७.७ मिलिग्रॅम दर चौरस मीटर दर तास. हा दुसरा दर, आणि फ्लक्स हाच.

वातकुक्कुट
मग पहिल्याला ‘चढ’ म्हणा. आलेखावर तो चढच असतो. दुसऱ्याला दर. एक सोडून दोन शब्द सुटले.

पण तापमानाची ओळ ठळक छापा. पुष्कळ जण एक मोल वायूचा शून्य अंशाचा २२.४ लिटर हाच आकडा डोळे मिटून वापरतात. वरच्या उदाहरणात मग ७.७ ऐवजी ८.६ येतं, म्हणजे ११ टक्के फुगवटा. पेटी उन्हात असते, आत तापमापी लावलेला असतो, तो वाचायलाच विसरतात.

चिमूटभर
चढ आवडला. चढावरून चूकही पकडता येते. २.१, ५.१, ६.० असं आलं तर चढ वाकला, म्हणजे पेटी गळतेय. बहुतेक वेळा पेटी जिच्यावर बसते त्या चौकटीच्या पन्हळीतलं पाणी कमी झालेलं असतं, नाहीतर सुई टोचायचं रबरी बूच झिजलेलं असतं. ० मिनिटाचाच नमुना ६ पीपीएम आला तर पेटी ठेवताना चिखल दाबला गेला, किंवा कुणीतरी शेजारी पाय टाकला आणि तळातले बुडबुडे वर आले. म्हणूनच लावणी झाल्या झाल्या फळीचा साकव टाकून घ्यायचा आणि चौकट आदल्या दिवशीच रोवून ठेवायची. आतला छोटा पंखा बंद पडला तर हवा ढवळत नाही, मग तीन नमुने तीन तऱ्हेचे.

मोडीवाचक
मी शब्दाबद्दल बोलत होतो, पन्हळीबद्दल नाही. (‘पन्हळ’ मात्र छान वापरलात.) ‘चढ’, ‘दर’ हे अगदीच मोघम आहेत. शास्त्राला स्वतःचा शब्द नको? उद्या नायट्रस ऑक्साइडवर लिहाल तेव्हा तिथला दर खताच्या पोत्याचा की वायूचा?

वातकुक्कुट
एकक लिहिलं की पोतं आडवं येत नाही.

खरा घोळ दर आणि उत्सर्जन यांच्यात आहे. पेटीतून दर कळतो. उत्सर्जन म्हणजे दर गुणिले क्षेत्र गुणिले काळ, तो हिशोब झाला. भारताच्या भातशेतीतून वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन निघतो असा अंदाज एके काळी परदेशातून मांडला गेला होता. अमेरिका-युरोपातल्या शेतांचे दर इथल्या क्षेत्राला गुणलेले होते. १९९१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ अशेष प्रसाद मित्र यांच्या पुढाकाराने देशभरच्या खाचरांत पेट्या लावून मोजणी झाली आणि अंदाज ४० लाख टनांच्या आसपास आला. उपसाची, पावसावरची, कायम पाणी साचलेली, सगळी शेतं एका दराने गुणली की असं होतं. म्हणून दोन गोष्टींना दोन शब्द हवेत, मग ते कुठलेही असोत.

चिमूटभर
त्यात तिसरी मिसळते. ‘उत्सर्जन ४२० पीपीएमवर पोहोचलं’ असं बातमीत वाचायला मिळतं. पीपीएममध्ये असते ती संहती, म्हणजे हवेतलं वायूचं प्रमाण. सिंहगडावरच्या केंद्रात किंवा पूर्वी गोव्यात काब द राम इथे हवेचे नमुने घेत, तिथे मिळते ती संहतीच. काब द रामला पावसाळ्यात समुद्रावरची, पार दक्षिण गोलार्धातून आलेली हवा लागते आणि हिवाळ्यात देशावरून आलेली. आकडा बदलतो तो वाऱ्यामुळे. त्यावरून उत्सर्जन काढायचं तर वाऱ्याचं प्रारूप उलटं चालवावं लागतं.

मोडीवाचक
आता तुम्ही ‘संहती’ म्हणालात, तर तो ‘दर’पेक्षा सोपा आहे का? संहती चालते मग अभिवाह का नको? आणि सिंकला, म्हणजे वायू जिथे शोषला किंवा संपवला जातो त्याला, काय? ‘मुरण’ सुचवतो. पाणी मुरतं तसा वायू मुरतो.

वातकुक्कुट
कार्बन डायऑक्साइड समुद्रात मुरतो, ठीक. मिथेनचं काय? त्याचा सर्वांत मोठा सिंक हवेतच आहे, हायड्रॉक्सिल मूलक. तिथे तो मुरत नाही, संथपणे जळतो म्हणा. मुरलेलं लोणचं बरणीत तरी असतं.

चिमूटभर
आणि ‘हरितगृह वायू’? खेडोपाडी हरितगृह म्हणजे अनुदानाचं पॉलिहाऊस, आणि ‘हरित’ म्हणजे हल्ली चांगलं ते सगळं, हरित ऊर्जा, हरित इमारत. ‘हरित वायू’ म्हणजे झाडांना चांगला वायू असंच वाटणार. ‘उष्णताधारक वायू’ सरळ आहे.

मोडीवाचक
उष्णता तर वीटही धरते. हा वेगळा धागा काढा.

भातखाचर
मंडळी, हिशोबाच्या पानावर ‘चढ’ आणि ‘दर’ घालतोय, प्रस्तावनेत ‘फ्लक्स’ तसाच राहील. आता दुसरं. नमुन्याच्या सिरिंजला लावायच्या थ्री-वे स्टॉपकॉकला मसुद्यात ‘त्रिमार्गी रोधनी’ आहे. याचं काय करू?

चिमूटभर
तोटी. तीन तोंडांची तोटी. आणि शेजारी चित्र द्याच. एका दांड्याच्या तोटीत दांडा ज्या तोंडाकडे, ते तोंड बंद. सवय नळाची असल्यामुळे उलटं समजतात, सिरिंजमध्ये बाहेरची हवा भरते आणि तिन्ही नमुने २ पीपीएम येतात. प्रयोगशाळेत जीसीला (गॅस क्रोमॅटोग्राफ, वायू मोजायचं यंत्र) चार दिवसांनी लागल्यावर कळतं, तोवर त्या आठवड्याची मोजणी गेलेली असते.

मोडीवाचक
तोटी नळाला असते. ही तर ‘चावी’.

वातकुक्कुट
चावी म्हटलं तर कुलूप शोधतील.