ग्रे पोपट वर्षाचा होत आला, अजून एक शब्द नाही. वाट पाहू की काही चुकतंय?

आमच्याकडे आफ्रिकन ग्रे आहे, येत्या पंधरवड्यात वर्षाचा होईल. घरी आला तेव्हा चार महिन्यांचा होता, आपलं आपण खायला शिकलेला. हातावर येतो, मान खाली घालून डोकं खाजवून घेतो, माझ्या चष्म्यावर त्याचा विशेष डोळा आहे. खाणंपिणं व्यवस्थित. फक्त बोलत नाही.

गप्प असतो असं मुळीच नाही. मायक्रोवेव्हचे तीन बीप असे हुबेहूब काढतो की मी दोनदा उठून दार उघडून पाहिलंय. बिजागरीची कुरकुर येते, नवऱ्याचा खोकलाही येतो (शेवटच्या 'हं'सकट). पण माणसाचा शब्द म्हणून एकही नाही. रोज सकाळी पिंजऱ्यासमोर उभी राहून मी 'ये बाळा, ये बाळा' घोकते. तो एक डोळा माझ्याकडे करतो, बाहुली बारीक-मोठी होते, मला वाटतं आता येणार, आणि स्वारी दांडीला चोच घासून पाठ फिरवते. दोन महिने माझा आवाज रेकॉर्ड करून दिवसभर लावूनही ठेवला. सासूबाई म्हणतात मादी असेल, मादी बोलत नाही. नवरा म्हणतो मुकाच असेल, बरंय.

जाणकारांनी सांगा, साधारण कितव्या महिन्यात बोलायला लागतात? मादी खरंच बोलत नाही का? आणि एकदा सुरू झाला की थांबतो ना? आमच्या भिंती पातळ आहेत.

प्रतिसाद १

ताई, वर्षाचा ग्रे म्हणजे अजून बाळच. ओळखू येईल असा पहिला शब्द बरेच ग्रे बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान काढतात. एखादा सहाव्या-सातव्या महिन्यातच सुरू होतो, एखादा दोन वर्षं ताटकळत ठेवतो. आयुष्य चाळीस-पन्नास वर्षांचं, त्याला कसली घाई?

सासूबाईंचं म्हणणं बजी आणि कॉकाटील या छोट्या पाळीव पोपटांच्या बाबतीत बरंचसं खरं आहे, ग्रेला लागू नाही. ग्रेचे नर-मादी दोन्ही बोलतात. दिसायलाही इतके सारखे की खात्री करायची तर पिसावरून डीएनए चाचणीच करावी लागते.

रेकॉर्डिंग मात्र आजच बंद करा. आयरीन पेपरबर्ग या संशोधिकेने 1977 मध्ये अ‍ॅलेक्स नावाचा ग्रे घेतला आणि 2007 मध्ये तो मरेपर्यंत त्याच्याबरोबर काम केलं. वस्तू, रंग, आकार मिळून शंभरावर शब्द तो समजून वापरायचा. त्याला शिकवण्याची पद्धत अशी: दोन माणसं पक्ष्यासमोर एकमेकांशी बोलणार. एकाने वस्तू दाखवून विचारायचं, दुसऱ्याने नाव सांगायचं, बरोबर आलं की ती वस्तू त्याला मिळते. मग भूमिका बदलायच्या. पक्षी हे बघून जळतो, मलाही हवं म्हणतो. नुसत्या ध्वनिफिती लावून त्यांचे पक्षी असं अर्थासकट बोलायला शिकले नाहीत. यंत्र उत्तर देत नाही, त्याच्याशी कोण बोलणार?

तुमच्याकडे आयती वस्तू आहे. नवऱ्याला विचारायला लावा, 'हे काय?' तुम्ही म्हणा, 'चष्मा!' आणि चष्मा घ्या. मग उलट. ग्रे बघत बसेल, बसू द्या.

प्रतिसाद २

माझ्याकडे बजी आहेत (ज्यांना लोक सर्रास लव्हबर्ड म्हणतात. लव्हबर्ड वेगळा पक्षी, आणि तो बोलण्यात बेताचाच). बजीचे नर तीन-चार महिन्यांपासून शिकू लागतात. मोठा झाल्यावर नाकपुड्यांभोवतीची मांसल पट्टी नराची बहुधा निळी, मादीची पांढुरकी किंवा तपकिरी होते, त्यावरून ओळखतो. गिनीज बुकात ज्याच्या नावावर 1,728 शब्द आहेत तो पक नावाचा पक्षी बजीच होता. मूठभर जीव! पण बजी इतकं भरभर बोलतो की आमच्या पाहुण्यांना ती नुसती किलबिल वाटते. तो वाक्यं बोलतोय हे मला स्वतःलाच कितीतरी दिवसांनी कळलं. कॉकाटील घेणाऱ्यांना सांगणं, शब्द हवे असतील तर शिट्टी नंतर शिकवा, नाहीतर तो शिट्टीवरच खूश राहतो.

बीप आधी का आला? पोपटाला ओठ नाहीत आणि आपल्यासारखे स्वरतंतूही नाहीत. श्वासनलिका जिथे दोन फाट्यांत विभागते तिथे त्याचा ध्वनियंत्राचा भाग असतो, आणि वर जाड मांसल जीभ आवाजाला आकार देते. बीप म्हणजे एकच सरळ सूर. 'बाळा' म्हणायला आधी 'ब' हवा, आणि ओठांशिवाय 'ब' म्हणून बघा. मी बघितलं, घरचे हसले.

आणखी एक. पन्नास वेळा सपाट आवाजात म्हटलेला शब्द त्याला भिंतीवरच्या घड्याळासारखा वाटतो. जे आपण जीव ओतून बोलतो ते तो पटकन उचलतो. शिव्या म्हणूनच लवकर येतात.

प्रतिसाद ३

वरच्या दोघांशी सहमत, पण एक कडू गोष्ट कुणी सांगितली नाही. काही ग्रे आयुष्यभर शब्द बोलतच नाहीत. माझी पहिली मादी नऊ वर्षं होती, शिट्ट्या आणि फोनची रिंग, बस्स. त्यात तिचं काही बिघडलं नव्हतं. बोलण्यासाठीच पक्षी पाळला असेल तर आत्ताच मनाशी हिशेब करून ठेवा.

आवाजाचं म्हणाल तर सूर्य उगवताना आणि मावळताना दहा-पंधरा मिनिटांचा गोंगाट होणारच, तो थव्याला हाका मारण्याचा वेळ असतो. तुम्ही दुसऱ्या खोलीत गेलात की तो जी हाक मारतो तीही तशीच, 'आहेस ना?' तिला हळू शिट्टीने उत्तर द्या, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. 'गप्प बस!' म्हणून ओरडलात तर त्याच्या लेखी थवा उत्तर देतोय, उद्या दुप्पट ओरडेल. माझ्या मुलाने हा प्रयोग करून दाखवलाय.

पोपटांसाठी हाका हा पोरखेळ नाही. व्हेनेझुएलातल्या छोट्या रानपोपटांवरचं संशोधन 2011 मध्ये आलं. आईबाप घरट्यातल्या पिल्लांना वेगवेगळी हाक देतात, आणि पिल्लू तीच थोडी बदलून आपली म्हणून वापरतं. थोडक्यात, बारसं.

आणि एक सावधगिरी. आजवर आवाज काढणारा पक्षी अचानक गप्प झाला, आवाज घोगरा किंवा बदललेला वाटला, श्वासाबरोबर शेपटी वरखाली हलू लागली, तर त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या. बुरशीचा संसर्ग श्वासनलिकेत असाही कळतो. तुमच्या पक्ष्यात असलं काही दिसत नाही.

एक विचारू? तुम्ही खोलीत नसताना तो काय करतो, ऐकलंय कधी?

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. चष्म्याचा खेळ चालू आहे. नवरा मन लावून चुकीचं उत्तर देतो, 'बटाटा', त्यामुळे पहिला शब्द कोणता येईल याची धास्ती आहे.

शेवटच्या प्रश्नाने मात्र डोक्यात भुंगा सोडला. काल संध्याकाळी फोन रेकॉर्डिंगला लावून पुस्तकांमागे ठेवला आणि दार ओढून घेतलं. आधी वीस मिनिटं काही नाही, नुसती चोच दांडीवर. मग अगदी खालच्या आवाजात पुटपुट सुरू झाली. शब्द नाहीत, पण चढउतार ओळखीचे. तीनदा ऐकल्यावर लक्षात आलं, मी रोज आईशी फोनवर बोलते ना, ते आहे ते! फक्त माझी बाजू. मध्ये थांबतो, म्हणजे तेवढ्या वेळात पलीकडून आई बोलते. मग 'हं... हं...', परत शांत, आणि शेवटी स्पष्ट, लांबवलेलं 'बरंऽऽ'.

मी 'ये बाळा'च्या मागे लागलेले, तो हे करत बसलेला. खोलीत गेले तर पुन्हा पाठ फिरवून बसला.

याला पहिला शब्द धरायचा का?

प्रतिसाद ३

धरा. आणि फोनवर कुणाबद्दल बोलता ते जरा जपून. सासूबाई घरातच असतात ना?